शेंडगे सरांनी काढलेला माळ

आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागात शिरलं की उजव्या भिंतीवर एक नकाशा दिसायचा. त्यात आमचं कॉलेज, त्याची विहीर, कँटीन, मैदान आणि मैदानाच्या कडेचे लिंब असं सगळं नॉर्वेच्याही वर, उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात मांडलेलं होतं. खाली सुवाच्य अक्षरात सही: बबन शेंडगे, भूगोल विभाग. तपासणीला आलेल्या एका पाहुण्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, ‘हा काय प्रकार आहे?’ सर शांतपणे म्हणाले, ‘माझा पहिला नकाशा.’ प्राचार्यांनी पाहुण्यांना घाईघाईनं चहाकडं वळवलं.

झालं होतं असं की, सरांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना अभ्यासक्रम बदलला. ट्रेसिंग पेपर आणि शाईचे पेन गेले, संगणकावरचे नकाशे आले. विद्यापीठानं शिक्षकांसाठी पुण्यात शिबिर ठेवलं, तर विभागातल्या सगळ्यांच्या घरी एकदम लग्नं निघाली. सरांच्या घरी लग्न नव्हतं, म्हणून सर गेले. परत आले ते गप्पच. मी तेव्हा तासिका तत्त्वावर नवीनच लागले होते, पण जीभ आवरायची मला सवय नाही. विचारलं, ‘कसं झालं, सर?’

‘शेजारी बसलेली पोरगी माझ्या लेकीपेक्षा लहान,’ सर म्हणाले. ‘ती म्हणाली, काका, माऊस उचलू नका, सरकवा.’

‘मग?’

‘मग सरकवला.’

त्यानंतर सर हट्टालाच पेटले. फोन हातात धरून कॉलेजभर फिरले, प्रत्येक झाडापाशी, विहिरीपाशी थांबून अक्षांश-रेखांश टिपले, दोन बोटांनी संगणकात भरले आणि कळ दाबली. स्क्रीन कोरी. सर नकाशा लहान लहान करत गेले. जुन्नर गेलं, पुणे गेलं, हिंदुस्थान एका कोपऱ्यात गेला, आणि वर पांढऱ्या समुद्रात आमच्या कॉलेजचे ठिपके मुंग्यांसारखे गोळा झालेले दिसले. अक्षांशाच्या जागी रेखांश पडले होते आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. मागं उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, ‘सर, थंडी लई असंल की तिकडं.’ दुसरा कुणी असता तर ते पुसून मोकळा झाला असता. सरांनी त्याची प्रिंट काढली, सही केली आणि भिंतीला लावली. नवीन वर्ग आला की पहिल्या दिवशी तिथं नेऊन उभं करायचे आणि सांगायचे, ‘ज्याचं कॉलेज बर्फात गेलं नाही, तो हे शिकला नाही. घाबरायचं नाही.’ मुलं हसायची आणि खरोखरच घाबरत नसत.

सर उंच, शिडशिडीत. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि पायात टायरच्या तळाच्या जाड चपला. बूट घातले की खालची जमीन कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिकवताना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड येरझाऱ्या, आणि पहिल्या बाकावरची मुलं झोपाळ्याकडं बघावं तशी मान हलवत बसलेली. बोलण्यात ढिलाई खपायची नाही. मी निरगुडसरची. आमच्याकडं सगळं जग ‘अलीकडं’ आणि ‘पलीकडं’ यात भागतं. एकदा फोनवर एक पत्ता सांगताना मी म्हटलं, ‘मंचरच्या अलीकडं आहे.’ पलीकडून सुस्कारा आला. ‘अलीकडं म्हणजे कुणाच्या अलीकडं, मॅडम? पुण्याकडून येणाऱ्याच्या की नाशिककडून येणाऱ्याच्या?’ मी वैतागून म्हटलं, ‘माझ्या अलीकडं.’ त्यावर ते मनापासून हसले. निदान बोलणारा कुठं उभा आहे ते तरी कबूल केलंत, म्हणाले.

सर आण्याच्या पठारावरचे, म्हणजे जुन्नर तालुक्याच्या पार पूर्वेच्या कोपऱ्यातले. पाऊस तिथं घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता निघतो. घर धनगराचं. थोरल्या नानांनी मेंढरांमागं जायचं आणि धाकट्या बबननं शाळेत, अशी वडलांनी वाटणी करून टाकलेली. पावसाळाभर नानांची मेंढरं पठारावरच्या मोठ्या माळावर चरायची. दिवाळी झाली की खांड, म्हणजे सगळा कळप, माळशेज घाट उतरून कोकणात जायचं आणि मिरगाच्या तोंडावर परत माळावर यायचं. बापजाद्यांपासून हाच फेरा. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच अडलं. भावाबद्दल बोलताना सरांना गहिवर वगैरे यायचा नाही. ‘नानानं माझ्या वाट्याचं ऊन खाल्लं,’ एवढं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

संगणकावरचे नकाशे शिकवताना सरांनी एक नियम घातला होता आणि त्यापायी मुलं जेरीस यायची. स्क्रीनवर रेघ मारायच्या आधी त्या रेघेवरून पायी चालून यायचं. किरण म्हणून एक मुलगा होता, अवसरी बुद्रुकचा, बोलायला कमी पण हात फार सफाईचा. त्यानं घरबसल्या उपग्रहाच्या चित्रावरून आपल्या गावचा ओढा असा काढला की मी तर थक्क झाले. सरांनी चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, ‘हा ओलांडताना चप्पल हातात घ्यावी लागते का?’

किरण म्हणाला, ‘आमी पुलावरनं जातो, सर.’

‘मग ओढा पुलावरनं काढलास. उद्या खालनं काढून आण.’

किरण गेला, गुडघाभर चिखल घेऊन आला आणि ओढ्याचं एक वळण त्यानं बदललं. उपग्रहाच्या चित्रात ते करंजाच्या झाडाखाली झाकलं गेलं होतं. त्या दिवसापासून किरण सरांचा झाला.

याच किरणच्या वर्गानं बिबट्यांचा नकाशा केला. आमच्या भागात बिबट्या कुठं दिसला ही बातमी रोजच्या भाजीसारखी असते. मुलांनी गावोगाव विचारून ठिपके टाकले आणि मग संगणकाला विचारलं की दाटी कुठं आहे. लालभडक पट्टे उमटले, सगळे रस्त्यांच्या कडेनं. मुलं खूश. एक जण तर म्हणाला, ‘सर, बिबट्याला डांबरी आवडती.’ सर हसले नाहीत. म्हणाले, ‘रस्त्यावर कोण असतं? आपण. उसाच्या मधोमध बिबट्या बसला तर त्याला बघायला कोण जातं? हा बिबट्याचा नकाशा नाही, बघणाऱ्याचा आहे. जिथं कुणी बघितलं नाही, तिथं काही नाही असं समजू नका.’ मुलांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्कही मिळवले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पठारावरून बातमी आली की माळावर सौर वीज प्रकल्प येतोय. कुठली तरी कंपनी सूर्याच्या काचा बसवणार, जागा सरकारी, आणि सरकारी कागदात तो माळ ‘पडीक’. सर हसून म्हणाले, ‘पडीक कसा असेल?’ मग त्यांनी पाहणी कधी झाली ते काढलं. झाली होती एप्रिलात. एप्रिलात तिथं गवताची काडी नसते आणि मेंढरू तर एकही नसतं, कारण सगळी खांडं कोकणात. बघणारे आले तेव्हा बघण्यासारखं काही जागेवर नव्हतं.

सरांनी ठरवलं की माळाचा नकाशा करायचा. पावसाळ्यात, मेंढरं असताना. मुलांना घेऊन ते रविवारी रविवारी पठारावर जायला लागले. मीही जायचे, कुरकुरत, कारण माझा रविवार कपडे धुण्याचा. पण खरं सांगायचं तर तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. नाना पुढं, त्यांच्यामागं मेंढरं, मेंढरांमागं फोन धरलेली आमची मुलं, आणि सर मध्येच पळत पुढं, मध्येच मागं. नाना बुटके, रुंद, लाल पागोट्याचे. थांबतील तिथं सांगायचे, ‘हितं मेंढरं बसत्यात. ह्या अंगाला गवत आधी येतंय. हितं खडकात पाणी ऱ्हातंय, दिवाळीपातुर.’ किरण प्रत्येक ठिकाणी बिंदू घ्यायचा. मेंढरांच्या वाटा, पाणवठे, कोकरं ठेवायच्या जागा, लांडग्याचं भय असलेली घळ असं सगळं उतरलं. पहिल्यांदा स्क्रीनवर पुरा माळ उभा राहिला तेव्हा सरांनी नानांना तो दाखवला. नानांना वाचता येत नाही, पण बोट ठेवून म्हणाले, ‘ही आपली घळ न्हवं?’

‘व्हय नाना. घळच.’

‘मग आता कुणी न्हाई म्हनाय नगं,’ नाना म्हणाले आणि मेंढरांकडं गेले. सरांनी चष्मा पुसला. मी दुसरीकडं बघितलं.

तालुक्याच्या कचेरीत नकाशा द्यायला मीही सरांबरोबर होते. साहेब तरुण होते, नम्र होते, आणि भूगोलाची आवड असलेले. तेच वाईट. उर्मट असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी नकाशा टेबलावर पसरून शेवटपर्यंत नीट बघितला. ‘उत्कृष्ट काम आहे, सर. असं काम आमच्याकडंसुद्धा होत नाही.’ मग म्हणाले, ‘पण आमच्या लोकांना जागेवर एकही जनावर मिळालं नाही.’

‘तेव्हा मेंढरं कोकणात असतात.’

‘म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ष जागा रिकामीच ना?’

‘रिकामी नाही, साहेब. विसावा घेते. तेव्हा ती मोकळी राहिली नाही तर पुढच्या पावसाळ्यात गवत येणार नाही.’

साहेबांनी मान डोलावली. ‘मला पटतंय, सर. पण जमिनीच्या वापरात विसावा असा प्रकार नाही.’ त्यांनी आम्हाला चहा दिला आणि दारापर्यंत सोडायला आले. बाहेर आल्यावर मी चिडून काहीबाही बोलले. सर म्हणाले, ‘शिकलेला माणूस आहे. वाचेल नकाशा.’ त्यांचा शिकलेल्या माणसांवर फार विश्वास. मला तेव्हाच खात्री वाटत नव्हती, आणि मी तसं म्हणालेही.

नकाशा त्यांनी कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवला, कुणालाही उतरवून घेता येईल असा. मी विचारलं, ‘सर, सगळ्यांना कशाला?’

‘मॅडम, आजवर आमचा माळ कुणाच्याच नकाशात नव्हता. तो गेला असता तर गेला हेसुद्धा कुणाला कळलं नसतं. आता दिसू दे सगळ्यांना.’

दरम्यान किरण पदवी घेऊन बाहेर पडला आणि त्याला पुण्याच्या एका मोजणी कंपनीत नोकरी लागली. या विषयाच्या जोरावर लागलेली आमच्या विभागातली ही पहिली नोकरी. सरांनी मंचरहून पेढे आणले आणि ज्या संस्कृतच्या बाईंशी त्यांचं कधी जमलं नाही त्यांनासुद्धा दिले. पुढच्या वर्षी आमच्याकडं मुलं वाढली. पालक विचारायचे, ‘त्या अवसरीच्या पोराला लागली तीच लाइन ना ही?’

पुढं जे झालं ते मला किरणनंच सांगितलं, कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून, मान खाली घालून.

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीला कंपनीनं त्याला पठारावर पाठवलं, प्रकल्पाची आखणी करायला. जागेची माहिती शोधताना त्याच्या साहेबांना सरांचाच नकाशा सापडला होता. इतका बारीक नकाशा त्यांना आयता कुठं मिळणार? पाणी कुठं टिकतं, खडक कुठं आहे, सपाटी कुठं आहे, वाट कुठून जाते, सगळं त्यात होतं. किरणला वाटलं, सरांना हे कळलेलं असणार, कंपनीनं विचारलं असणार. माळावर गेल्यावर नानांनी त्याला लगेच ओळखलं. त्यानं यंत्राच्या स्क्रीनवर नकाशा दाखवला आणि म्हणाला, ‘आपल्या सरांचाच हाय, नाना.’ नानांनी घळ ओळखली. त्यांना वाटलं, बबननंच धाडलंय, माळ आपल्या नावानं पक्का करायला मोजणी आलीय.

मग नानांनी पाहुण्यांची जी बडदास्त ठेवली ती आमच्या भागातला माणूसच ठेवू जाणे. एक बोकड पडला. चुलीवर भाकऱ्या झाल्या. नकाशात राहून गेलेला एक पाणवठा, जो नाना परक्याला कधी दाखवत नसत, तो त्यांनी आपण होऊन दाखवला. उन्हात पोरं दमली म्हणून खुंट्यांचा भारा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि जिथं किरण बोट दाखवेल तिथं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, खुंटी ठोकली, हलणार नाही अशी. संध्याकाळी निघताना म्हणाले, ‘सरांना सांगा, काम चोख झालंय.’ किरणनं सांगितलं नाही. पुण्याला पोचायला उशीर झाला आणि मग राहून गेलं.

त्याच खुंट्यांवरून प्रकल्पवाल्यांनी कुंपणाची तार ओढली.

नाना कॉलेजात आले तो दिवस माझ्यासमोरचा आहे. त्याआधी ते कधीच आलेले नव्हते. विभागाच्या दारात उभे राहिले, हातात काठी, पागोट्यावर रस्त्याची धूळ. सर उठले. ‘नाना, आत ये की.’

‘हितंच बरं हाय.’

‘बस तरी.’

नाना बसले नाहीत. म्हणाले, ‘माळाला तार घालाय लागल्यात. मी म्हनलं, सरांच्या मानसांनी मोजलंय, तुमी कोन? तर त्यो म्हनला, तेंनीच मोजलंय, आजोबा. ह्या बगा खुंट्या.’ मग म्हणाले, ‘त्या मी ठोकल्यात, बबन.’

सर दाराकडं आले. ‘नाना, मी कुणाला धाडलं नव्हतं.’

‘मग तुजा नकाशा त्यांच्याकं कसा?’

‘तो सगळ्यांना मिळतो. मीच ठेवला तसा.’

‘सगळ्यांना?’

‘व्हय.’

नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. ‘तहानलेला आला तर पानी दावावं,’ ते म्हणाले. ‘पर आदी त्याचं त्वांड बगावं का न्हाई? तू बगितलं न्हाईस. आनि तू दावलंस म्हनून मी बी बगितलं न्हाई.’

शिपाईमामा चहा घेऊन आले तोवर नाना फाटकाबाहेर गेले होते. त्या दिवसानंतर नाना सरांशी बोलले नाहीत. सर पठारावर जायचे, घरात बसायचे, वहिनी जेवायला वाढायच्या, नाना आपले जेवून उठायचे. सर हे मला सांगायचे तेव्हा तक्रार नसायची. पण त्यांना माळापेक्षा हे जास्त लागलं होतं. माळ सरकारनं घेतला होता, भाऊ मात्र त्यांच्या हातून गेला होता, असं त्यांना वाटायचं. मला ते वाटणं खोटं ठरवता आलं नाही.

किरण माफी मागायला आला. ‘सर, दुसरा कुणी असता तर वाकडंतिकडं मोजलं असतं. मला वाटलं, तुमचं काम उपयोगी पडलं म्हणून तुमाला बरं वाटंल.’

सरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, ‘मोजणी बरोबर आली का?’

‘हो सर. बोटभरसुद्धा फरक नाय.’

‘बरं,’ सर म्हणाले. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. किरणनं रडावं आणि सरांनी एक मुस्काटात मारावी, म्हणजे काही तरी झाल्यासारखं वाटलं असतं.

मग अर्ज झाले, सुनावणी झाली, एकदा ग्रामसभाही झाली. गावातल्या निम्म्या लोकांना प्रकल्पात पहारेकऱ्याची नोकरी मिळेल अशी आशा होती आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही ती असती. सुनावणीत सरांनी पुन्हा नकाशा मांडला. कंपनीच्या वकिलानंही तोच नकाशा मांडला. खुंटीच्या बाजूला नाना उभे आहेत असा फोटोही त्यांच्याकडं होता, हसताना. स्थानिकांचं सहकार्य म्हणून.

सरांनी संकेतस्थळावरून नकाशा काढून टाकला. उतरवून घेणाऱ्यांनी तो केव्हाच उतरवून घेतला होता. शिकवणं मात्र त्यांनी सोडलं नाही, फक्त येरझाऱ्या थांबल्या. खुर्चीत बसून शिकवायला लागले आणि मुलांच्या माना सरळ राहायला लागल्या. शेवटच्या वर्षी एका मुलीनं पठाराचं नवं उपग्रहचित्र उघडलं. माळाच्या जागी निळ्या-काळ्या चौकटी, ओळीनं. तिला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, ‘सर, इथं काय लिहू?’

‘जे आहे ते लिही,’ सर म्हणाले. तिनं लिहिलं. सरांनी तिचं स्पेलिंग तपासलं आणि पुढच्या मुलाकडं वळले.

निरोपसमारंभात शाल झाली, श्रीफळ झालं, प्राचार्यांनी सरांना नकाशांचा जादूगार म्हटलं. सर बोलायला उभे राहिले आणि प्रॅक्टिकलची जर्नल्स वेळेवर पूर्ण करा एवढंच सांगून बसले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते आण्याच्या घाटात. दिवाळी होऊन गेली होती. पारनेरकडचं एक लग्न आटोपून मी एस.टी.नं परत येत होते. घाटात गाडी थांबली. पुढं रस्ताभर मेंढरं होती. पूर्वी खांडं माळावरून, आतल्या वाटेनं उतरायची. आता तारेमुळं ती वाट बंद, म्हणून हायवेनं उतरत होती, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला भरधाव ट्रक. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, ‘या लोकांना काय रस्त्याचं भान असतंय का?’ मी खिडकीतून वाकून बघितलं. नानांचं खांड पूर्वी घाटाचं अख्खं वळण व्यापायचं. आता ते आमच्या एस.टी.च्या लांबीएवढंच राहिलं होतं. पुढं लाल पागोटं दिसत होतं. आणि मेंढरांच्या मागं, हातात काठी घेऊन, इस्त्रीच्या शर्टातले शेंडगे सर.

मी कंडक्टरला सांगून खाली उतरले. ‘सर.’

त्यांनी ओळखलं. ‘मॅडम तुम्ही? गाडीत बसा, मागून वाहनं येतायत.’

‘तुम्ही इथं कसे?’

‘रस्त्यावर मागं माणूस लागतं. गेल्या वर्षी कोपऱ्यावर ट्रकनं पाच-सहा चिरडली. म्हणून मी आलो.’

‘नाना बोलले तर मग.’

‘नाही. मी मागं चालायला लागलो, त्यानं हाकललं नाही.’

मी विचारलं, ‘कोकणात निघालात का?’

सरांनी पुढं बघितलं. पागोटं वळणापर्यंत पोचलं होतं.

‘आळेफाट्यापर्यंत रस्ता एकच आहे,’ ते म्हणाले. ‘तिथून कोकणात न्यायचीत की बाजारात उभी करायचीत, ते नानानं मला सांगितलेलं नाही.’

मागून ट्रकचा हॉर्न वाजला. सर वळले आणि काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.